पॅकेज डेटाबेसची एरर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विंडोज १० ची अधिकृत साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला न पेलणाऱ्या जुन्या संगणकावर डेबियन, उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून तो वापरात ठेवणं हा अगदी शहाणपणाचा मार्ग आहे. पण पुढे कधी तरी अपडेट करताना एररच्या ओळी येतात, पॅकेज डेटाबेस बिघडल्याचं कळतं आणि धडधाकट मशीन अडगळीत जातं. बहुतेक वेळा तशी गरज नसते. बिघाडापेक्षा त्यावर घाईघाईने केलेले उपायच जास्त नुकसान करतात, म्हणून त्यामागचे गैरसमज नीट तपासायला हवेत.

गैरसमज : पॅकेज डेटाबेस ही एकच गोष्ट आहे.

वस्तुस्थिती : इथे दोन वेगळे साठे असतात. पहिला 'डीपीकेजी' या मूळ प्रोग्रामचा. आपल्या मशीनवर कोणतं पॅकेज, कोणत्या आवृत्तीचं आणि कोणत्या अवस्थेत आहे, याची नोंद तो 'स्टेटस' नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. दुसरा साठा 'एपीटी'चा. सर्व्हरवर काय काय उपलब्ध आहे, याच्या याद्या त्यात उतरवून घेतलेल्या असतात. याद्या खराब झाल्या तर खुशाल पुसाव्यात, पुढच्या अपडेटला त्या नव्याने उतरतात. 'स्टेटस' मात्र फक्त आपल्या मशीनपुरती असते आणि ती कोणत्याही सर्व्हरवर मिळत नाही. म्हणून एररमध्ये कोणत्या फोल्डरचं नाव आलं आहे, हे नीट वाचावं. 'एपीटी'खालचं 'लिस्ट्स' असेल तर निर्धास्त राहा, 'डीपीकेजी' असेल तर हात आवरा.

गैरसमज : 'स्टेटस' खराब झाली म्हणजे फॉरमॅटला पर्याय नाही.

वस्तुस्थिती : सातबाऱ्यावरची नोंद बिघडली म्हणून जमीन नाहीशी होत नाही, व्यवहार तेवढे अडतात. इथेही तसंच आहे. प्रोग्राम डिस्कवर शाबूत असतात, फक्त नवं काही बसवता किंवा काढता येत नाही. 'स्टेटस' ही साधी मजकुराची फाइल आहे. कितव्या ओळीजवळ घोटाळा आहे हे एररच सांगते आणि साध्या एडिटरमध्ये ती ओळ पाहता येते. लिहिताना वीज गेली असेल तर तिथे निरर्थक चिन्हं दिसतात.

दुरुस्तीची सोयही तयार असते. त्याच फोल्डरमध्ये 'स्टेटस-ओल्ड' ही आधीची प्रत असते. शिवाय 'व्हार' फोल्डरातल्या 'बॅकअप्स'मध्ये 'डीपीकेजी डॉट स्टेटस डॉट शून्य' या नावाची अलीकडची प्रत आणि तिच्यामागे काही जुन्या, दाबून ठेवलेल्या प्रती सापडतात. बिघडलेली फाइल बाजूला ठेवून चांगली प्रत तिच्या जागी आणली की काम पुन्हा सुरू होतं. त्या प्रतीनंतर जे बसवलं असेल ते नोंदीत दिसणार नाही. पण 'डीपीकेजी'च्या लॉगमध्ये प्रत्येक व्यवहार तारीखवार लिहिलेला असतो. तो पाहून तेवढीच पॅकेजं पुन्हा बसवावीत.

गैरसमज : लॉक मिळत नाही अशी एरर आली की लॉकची फाइल पुसावी.

वस्तुस्थिती : डेबियन आणि उबुंटूमध्ये ही फाइल एरवीही तिथे असतेच. खरं कुलूप कर्नल लावतो आणि ते धरणारा प्रोग्राम संपला की आपोआप सुटतं. एरर येते, कारण दुसरा कोणी तरी त्या क्षणी काम करत असतो. बहुधा ती पार्श्वभूमीला चाललेली स्वयंचलित सुरक्षा अपडेट असते. फाइल पुसली तर दोन प्रोग्राम एकाच नोंदीवर एकाच वेळी लिहू लागतात, आणि तोवर नसलेला बिघाड तिथे निर्माण होतो. एपीटीच्या अलीकडच्या आवृत्त्या कुलूप कोणाकडे आहे, त्याचा प्रोसेस क्रमांकही दाखवतात. तो संपेपर्यंत थांबावं.

जुन्या हार्ड डिस्कवर इथे संयम लागतो. 'रीडिंग डेटाबेस' या टप्प्यावर शेकडो छोट्या फाइली वाचल्या जातात, त्यामुळे आकडा बराच वेळ हलत नाही. मशीन गोठलं असं समजून बटण दाबून बंद करणं ही डेटाबेस बिघडवण्याची हमखास वाट आहे.

गैरसमज : अपडेट अर्धवट तुटली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

वस्तुस्थिती : अशा वेळी डीपीकेजी बहुधा स्वतःच उपाय सुचवतो. 'कॉन्फिगर' हा पर्याय 'ए'सह दिला की अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजं तो पूर्ण करतो. त्यानंतर एपीटीला 'फिक्स-ब्रोकन' सांगितलं की तुटलेली अवलंबनं जुळवली जातात. जबरदस्तीचे 'फोर्स' पर्याय मात्र टाळावेत, त्याने एरर दिसेनाशी होते आणि विसंगती तशीच राहते. एखाद्याच पॅकेजची फाइल-यादी खराब असेल तर ती एकच यादी बाजूला काढून ते पॅकेज पुन्हा बसवावं. 'इन्फो' हे अख्खं फोल्डर रिकामं केलं तर कोणत्या पॅकेजच्या फाइली कुठे आहेत याची माहितीच जाते.

गैरसमज : ४०४ किंवा वैधतेची एरर म्हणजे डेटाबेस बिघडला.

वस्तुस्थिती : ४०४ आली तर बऱ्याचदा आवृत्तीची मुदत संपलेली असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.१० ची साथ जुलै २०२३ मध्येच संपली. अशा आवृत्त्यांची पॅकेजं उबुंटू 'ओल्ड-रिलीजेस' या सर्व्हरवर आणि डेबियन आपल्या 'अर्काइव्ह'वर हलवतं. सोर्सेसच्या यादीत तो पत्ता घातला की अपडेट पुन्हा चालते. तिथे नव्या सुरक्षा दुरुस्त्या येत नाहीत, म्हणून हा पुढच्या आवृत्तीवर जाण्यापुरता पूल समजावा. ३२-बिट मशीन असेल तर आधी चौकशी करावी, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल मिळत नाही.

सर्व्हरची फाइल 'अजून वैध नाही' अशी तक्रार आली तर घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की बंद-चालू केल्यावर संगणक कित्येक वर्षं मागच्या तारखेला जातो. मग आजची फाइल त्याला भविष्यातली वाटते आणि सुरक्षित वेबसाइटही उघडत नाहीत. अनेक पीसींमध्ये तो सीआर२०३२ सेल असतो आणि स्वस्तात मिळतो.

गैरसमज : डेटाबेस पुन्हा पुन्हा बिघडतो, म्हणजे लिनक्सच खराब.

वस्तुस्थिती : वारंवार होणाऱ्या बिघाडाचं मूळ बऱ्याचदा हार्डवेअरमध्ये किंवा जागेच्या टंचाईत असतं. जुने कर्नल साचून 'बूट' विभाग भरला की अपडेट मध्येच तुटते. डिस्क झिजत असेल तर 'स्मार्ट' तपासणीत बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढताना दिसते, आणि रॅम सदोष असेल तर मेमटेस्ट ते दाखवते. मूळ शोधल्याशिवाय डेटाबेस कितीही वेळा दुरुस्त केला तरी तो टिकणार नाही.

त्यामुळे क्रम असा ठेवावा : 'डीपीकेजी'च्या संपूर्ण फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, मग एररची पहिली ओळ वाचावी, मोकळी जागा आणि तारीख पाहावी, दुसरी अपडेट चालू नाही याची खात्री करावी आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घालावा. हा क्रम पाळला तर चुकलेलं पाऊल मागे घेता येतं, आणि अजून कितीतरी वर्षं एखाद्या मुलाच्या अभ्यासाला उपयोगी पडेल असं मशीन भंगारात जाण्यापासून वाचतं.