बँक आणि बाक

बचत गटाचं खातं काढायला गेलो तेव्हा बँकेतल्या बाकावर मी तासभर अंग चोरून बसले होते. पण हे दोन्ही शब्द एकाच घरचे! मध्ययुगात इटलीतले सराफ बाजारात बाकावर नाणी मांडून बदलून देत. त्या बाकाला म्हणत ‘बांका’. त्यावरूनच ‘बँक’. दिवाळं निघालं की ‘बांका रोत्ता’, म्हणजे मोडका बाक. इंग्रजीत त्याचं झालं ‘बँकरप्ट’. आपला बाक पोर्तुगिजांकडून आला.

इंग्रजीत भरवसा ठेवण्यालाही ‘बँक ऑन’ म्हणतात. तरी पासबुकात नोंद करून घ्याच बरं का!

लेकीच्या धड्यात ‘बँक’ म्हणजे नदीचा काठ असेल, तर ती चूक नव्हे. तो शब्द इंग्रजीत उत्तरेकडून, वेगळ्या वाटेनं आला. मूळ मात्र दोन्हींचं एकच, जुन्या जर्मन कुळातलं.