जात्याला टाकी, टायरला मुदत

शिर्डीच्या द्वारकामाईत साईबाबांचे जाते जतन करून ठेवलेले आहे. महामारीचे भय गावावर दाटले असता बाबांनी स्वतः गहू दळावयास घेतले आणि ते पीठ गावाच्या शिवेवर नेऊन टाकावयास लावले, ही कथा गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पहिल्याच अध्यायात सांगितली असल्यामुळे त्या जात्यापुढे भाविक क्षणभर थांबतोच. ज्यांच्या घरी लहानपणी जाते होते, त्यांना तेथे आणखीही एक गोष्ट आठवते. रोजच्या दळणाने दगडाच्या अंगावरील टाके झिजून तो गुळगुळीत झाला, म्हणजे दाणा भरडला न जाता नुसता घसरू लागे. मग पाथरवटाला बोलावून जात्याला पुन्हा टाकी लावून घ्यावी लागे. घर्षण हेच ज्याचे कार्य, त्याला झीज अटळ आहे. मोटारीचा टायरही याच नियमाने बांधलेला आहे. भेद इतकाच की, झिजलेल्या जात्याला टाकी लावता येते आणि झिजलेल्या टायरला लावता येत नाही. त्याला मुदत असते. ती संपली हे ओळखण्याची जबाबदारी गाडी बाळगणाऱ्याची आहे, आणि ती त्याने घरून निघण्यापूर्वीच पार पाडावयाची आहे.

हा विषय शिर्डीसारख्या ठिकाणी विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण येथे दोन अगदी भिन्न प्रकृतीचे रस्ते टायरची परीक्षा पाहतात. गावातून जाणारा नगर-मनमाड रस्ता जुना, वर्दळीचा आणि खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षे तक्रारी ऐकणारा; तर जवळून जाणारा समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा, सरळ आणि वेगवान. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग वापरात आला. जुन्या रस्त्यावर टायरला मार बसतो, नव्या रस्त्यावर त्याला ताप चढतो. ज्या टायरने गावातल्या गावात आणखी वर्षभर निमूटपणे काम दिले असते, तोच टायर उन्हाळ्यातील दुपारी ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने दोन-तीन तास अखंड धावविला असता दगा देऊ शकतो.

याचे कारण टायरच्या रचनेत आहे. टायर हा रबराचा एकसंध गोळा नसून धाग्यांचे व पोलादी तारांचे थर रबरात बसवून, ते उष्णतेने एकजीव करून घडविलेली वस्तू आहे. तो फिरत असताना जमिनीला टेकणारा भाग दबतो आणि वर जाताना पुन्हा मूळ आकार घेतो. या प्रत्येक दबण्या-उठण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने आतच राहते. मध्यम आकाराच्या मोटारीचा टायर ताशी १२० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे १७ फेरे घेतो. म्हणजे नागपूरहून शिर्डीला पोहोचेपर्यंत त्याच्या अंगाचा प्रत्येक भाग अडीच लाखांहून अधिक वेळा दबलेला आणि उठलेला असतो. हवा कमी असली, किंवा सात माणसांच्या गाडीत दहा माणसे व त्यांचे सामान कोंबले, तर हे दबणे वाढते, उष्णता साचत जाते, थरांमधील बंध सुटू लागतात आणि अखेर टायर फुटतो. फुटण्याचा तो आवाज क्षणाचा असला, तरी त्याची सिद्धता कित्येक महिन्यांची असते.

समृद्धीवरील अपघात वाढू लागल्यावर परिवहन खात्याने २०२३ मध्ये गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम हाती घेतली आणि गोटा झालेल्या टायरांच्या गाड्यांना महामार्गावर जाण्यास मज्जाव केला. ती योग्यच होती. मात्र प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणेही न्याय्य नव्हे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परंतु परिवहन कार्यालयाच्या अहवालात तशा खुणा आढळल्याचे दिसले नाही. थकवा, डुलकी आणि अतिवेग यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. टायरविषयी एवढेच म्हणता येते की, प्रवासातील अनेक संकटांपैकी हे एक असे आहे की जे आदल्या दिवशी, अंगणात, उजेडात, डोळ्यांनी पाहता येते.

काय पाहावयाचे? पहिली गोष्ट नक्षीची खोली. नव्या मोटारीच्या टायरवरील चरांची खोली साधारणतः ८ मिलिमीटर असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटारीसाठी ती किमान १.६ मिलिमीटर ठरविली आहे, आणि ही मर्यादा दाखविण्यासाठी चरांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे आडवे उंचवटे ठेवलेले असतात. टायरच्या खांद्यावरील लहान त्रिकोण किंवा ‘टी. डब्ल्यू. आय.’ ही अक्षरे पाहून त्यांचा माग काढता येतो. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की टायरची कायदेशीर मुदत संपली. पण कायद्याची सीमा ही शेवटची सीमा असते, शहाणपणाची नव्हे. चर हे पाण्याला वाट देण्यासाठी असतात. ते उथळ झाले की पावसाळी रस्त्यावरचे पाणी बाहेर फेकले जात नाही, टायर त्या पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर जवळजवळ चौपट होते, आणि १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे महामार्गावर जाणाऱ्याने ३ मिलिमीटरवरच टायर बदलण्याची तजवीज का करावी, हे निराळे सांगावे लागत नाही. मोजण्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतील पट्टीही चालते. ती चरात उभी धरावी, मात्र शून्याची खूण पट्टीच्या टोकापासून किंचित आत असते, तेवढे अंतर हिशेबात धरावे.

ही मोजदाद एकाच जागी करून भागत नाही. टायरच्या दुकानातील जाणता कारागीर गाडी जॅकवर चढविल्यावर प्रथम नजरेने नव्हे, तर तळहाताने टायर पाहतो. नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एका दुकानात मी असाच एक प्रौढ मिस्त्री पाहिला. त्याने समोरच्या चाकावरून आतल्या कडेकडे हात नेला आणि गाडीच्या मालकाला बोलावून म्हणाला, “काका, वरनं बटणं दिसतात म्हणून टायर चांगला समजू नका, आतनं हात घाला.” काकांनी हात घातला. बाहेरून नक्षीदार दिसणारा तो टायर आतल्या काठाला पाटीसारखा गुळगुळीत झाला होता. “अलाइनमेंट गेलंय,” मिस्त्री म्हणाला, “आता नुसता टायर टाकला तर तोही असाच खाईल.” झिजेचा आकार हीच टायरची कैफियत असते. एकाच कडेला झीज असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा सतत कमी राहिलेली असते. मधला पट्टा झिजला असेल तर ती जास्त भरली गेलेली असते. आणि जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे पाहावे लागते. दुखणे तसेच ठेवून टायर बदलणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

दुसरी गोष्ट वय. टायरच्या कडेवर त्याचा जन्मदाखलाच कोरलेला असतो. ‘डी. ओ. टी.’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ असे अंक असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर हे न वापरताही म्हातारे होते. प्राणवायू, ऊन आणि उष्णता यांनी त्याची लवचीकता कमी होऊन ते कडक बनते, साइडला केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात. म्हणून वर्षातून दोनदाच देवदर्शनाला बाहेर निघणाऱ्या गाडीचा टायर नक्षीने नवाकोरा आणि वयाने जीर्ण असू शकतो. पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, आणि नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांपलीकडे टायर ठेवू नये, असा अनेक उत्पादकांचा सल्ला आहे. आपल्याकडील उन्हाचा विचार करता महामार्गावर जाणाऱ्याने सहा वर्षे हीच मुदत मानावी, असे माझे मत आहे. डिकीतील स्टेपनीलाही हाच न्याय लागू आहे.

तिसरी गोष्ट जखम. खड्ड्यात चाक आपटले की साइडच्या आतील धागे तुटतात आणि तेथे फुगा येतो. अशा टायरला दुरुस्ती नाही. तो त्याच दिवशी काढावा. खोल कट गेला असेल, आतले धागे वा तारा दिसत असतील, किंवा हवा गेलेली असतानाच गाडी काही अंतर ओढली असेल, तर तेच लागू होते. पंक्चर जमिनीला टेकणाऱ्या भागात, खिळ्याच्या जाडीचे असेल तर नीट काढता येते. साइडचे पंक्चर काढून पुन्हा महामार्गावर जाणे मात्र जिवाशी खेळणे आहे. काही ठिकाणी जुन्या टायरात तापलेल्या हत्याराने नवे चर कोरून तो नवा म्हणून विकला जातो. जात्याला टाकी लावण्याचा हा अनुचित प्रयोग मोटारीच्या टायरवर प्राणघातक ठरतो, कारण कोरलेला चर आतील थरांनाच उघडे पाडतो.

बदलताना एकेक टायर न बदलता निदान एका आसावरील जोडी बदलावी आणि मूळ मापच ठेवावे. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिलेले असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल, रिम १५ इंचांचा, एका टायरने पेलावयाचा भार ५६० किलो आणि वेगाची सीमा ताशी २१० किलोमीटर, असा त्याचा अर्थ आहे. नवी जोडी पुढे बसवावी असा सार्वत्रिक समज आहे; उत्पादकांचा सल्ला मात्र ती मागे बसवावी असा असतो. पुढची चाके घसरली तर चालक वेग कमी करून गाडी सावरू शकतो. मागची चाके घसरली तर गाडी स्वतःभोवती गरकन फिरते आणि ती सावरणे सामान्य माणसाच्या हाती उरत नाही.

हे सारे करूनही हवेकडे हयगय झाली तर फळ मिळत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाची पट्टी चिकटवलेली असते. रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी तीत वेगळे आकडे दिलेले असतात. दाब सकाळी, टायर थंड असताना पाहावा. प्रवासात टायर तापून वाढलेला दाब कमी करण्यासाठी हवा सोडू नये. नायट्रोजन भरल्याने दाब थोडा अधिक काळ टिकतो हे खरे, परंतु साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. गोटा झालेल्या टायरला तो तारू शकत नाही.

टायरची जोडी म्हणजे काही हजारांचा खर्च, आणि भाड्याच्या गाडीवर कुटुंब पोसणाऱ्याला तो जड जातो, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच हा खर्च आकस्मिक न मानता डिझेलप्रमाणे किलोमीटरच्या हिशेबात धरावा आणि दर महिन्याला त्यासाठी काही रक्कम बाजूस ठेवावी. नक्षी ३ मिलिमीटरवर आली, वय सहा वर्षांवर गेले, किंवा कडेला फुगा दिसला, यांपैकी एकही गोष्ट घडली तर टायर बदलावा. तिन्हींची वाट पाहू नये. खंडेनवमीला आपण गाडी धुऊन तिच्या चाकांना हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. त्या दिवशी, आणि मृगाच्या आधी आणखी एकदा, चारही चाकांपाशी व स्टेपनीपाशी वाकून ते चार अंक वाचावेत आणि आतल्या काठावरून हात फिरवावा. या कामाला दहा मिनिटे पुरतात.