बिस्किट : शब्द एक, अर्थ अनेक

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एमपी नगरात, चहाच्या टपरीवर दोन बरण्या शेजारी शेजारी दिसतात. एकीत बिस्किटं, दुसरीत टोस्ट. शब्दाचं मूळ पाहिलं तर खरं बिस्किट दुसऱ्या बरणीत आहे! लॅटिन ‘बिस कॉक्टस’ म्हणजे दोनदा भाजलेलं. टोस्ट दोनदा भाजतात. आजचं बिस्किट बहुधा एकदाच.

जुन्या इंग्रजी जहाजांवरचं बिस्किट म्हणजे पीठ-पाण्याची दगडासारखी वडी, महिनोन्‌महिने टिकणारी. अमेरिकेत याच नावाचा मऊ, गरम पाव असतो. कुंभारकामात झिलई देण्याआधी भाजलेलं भांडंही बिस्किटच. आपण सराफाकडे ‘सोन्याचं बिस्किट’ म्हणतो, तिथे भाजणं गेलं, नुसता आकार उरला.

मराठी माणसाला या शब्दाचा आणखी एक अर्थ भोगावा लागला : बाटणं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. पुढे त्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचलं. काहींनी चहा तोंडालाही लावला नव्हता, तरी नाव लागलंच. टिळक आणि रानडे, दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

तेव्हा घरातल्या जुन्या पत्रात किंवा हिशेबाच्या वहीत ‘बिस्किट’ दिसलं, तर लगेच आजचा पुडा डोळ्यांपुढे आणू नका. आधी साल, गाव आणि लिहिणारा पाहा. अर्थ त्यावरूनच ठरतो.