फी थकली तर वकील फाइल अडवून ठेवू शकतो का?

खाजगी कायद्यातल्या वकिलाची कर्तव्यं हा विषय अनेक जण संशोधनासाठी निवडतात आणि मग कलमांची यादी करत बसतात. त्यापेक्षा एक छोटा प्रश्न धरा. समजा, तुमचा वाटणीचा दावा चालू आहे आणि तुम्हाला वकील बदलायचा आहे. जुने वकीलसाहेब म्हणतात, "आधी राहिलेली फी द्या, मग कागद न्या." त्यांना असं करता येतं का?

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७१ वाचलं तर येतं असं वाटतं. येणं वसूल होईपर्यंत ताब्यातला माल अडवून ठेवायचा हक्क, म्हणजे धारणाधिकार, ते बँकर, अडते अशा काही जणांना देतं. त्या यादीत 'उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी'सुद्धा आहेत. पण इथेच थांबलात तर उत्तर चुकतं.

आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा (२०००) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढा. एका सहकारी बँकेने वकिलाकडचं काम काढून घेतलं; फी बाकी म्हणून त्याने फाइली दिल्या नाहीत. न्यायालय म्हणालं, कलमात शब्द 'माल' आहे, आणि दाव्याचे कागद काही विकता येत नाहीत. बार कौन्सिलचे नियम काम संपल्यावर वकिलाच्या हाती उरलेल्या अशिलाच्या पैशांतून फी वळती करू देतात, कागद अडवू देत नाहीत. फीसाठी इतर कायदेशीर मार्ग मोकळे आहेत. फाइल न देणं हे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली गैरवर्तन ठरलं. मात्र आपल्याला असा हक्क आहे असं वकिलाला प्रामाणिकपणे वाटलं असावं, हे धरून शिक्षा ताकिदीवर आणली.

कारण सरळ आहे. कागदाविना अशिलाचा दावाच अडतो. फीचा व्यवहार दोघांतला असला, तरी न्याय मिळवण्याची वाट त्यासाठी बंद करता येत नाही.

म्हणून कर्तव्य शोधताना कायदा, बार कौन्सिलचे नियम आणि निकाल हे तिन्ही एकत्र वाचा. आणि तुमच्यासाठी पुढचा प्रश्न: वकिलाने स्वतः तयार केलेली टिपणं, कच्चे मसुदे, संगणकातल्या प्रती यांचं काय? त्यांना 'अशिलाची फाइल' म्हणायचं का? सिनॉप्सिसची सुरुवात इथून करून बघा.