समुद्रात उतरण्यापूर्वी थोडा हिशेब

नाताळच्या सुट्टीत आपल्यापैकी काही कुटुंबे मंगला एक्स्प्रेसने रत्नागिरीला उतरून गणपतीपुळ्याला जातात. आपली ग्वाल्हेरची मुले तरणतलावात शिकलेली. समुद्राचा हिशेब वेगळा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बहुधा शांत असतो. पावसाळ्यात तो खवळतो. १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक मासेमारीही बंद. सकाळी वारा कमी असतो, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो व लाटा वाढतात. फळी घेऊन लाटांवर खेळायचे असल्यास नवख्याने वाळूचा तळ आणि कमरेखालच्या लाटाच निवडाव्यात.

भरतीचे कोकणातले जुने गणित सोपे आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. भरतीनंतर सुमारे सहा तास ओहोटी. संकष्टीचे दर्शन, जेवण उरकून आपण चारला मुलांना पाण्यात सोडतो, तेव्हा पाणी आत ओढत असते. मीही तेच केले होते. गुडघाभर पाण्यात नातवाचे पाय सुटले. शेजारच्या गृहस्थांनी दंड धरला म्हणून निभावले.

फुटणाऱ्या लाटांमध्ये एखादी शांत पट्टी दिसली तर फसू नका. परतीचे पाणी तिथूनच वेगाने आत जाते. त्यात सापडल्यास किनाऱ्याला समांतर पोहावे. हैदराबादच्या 'इन्कॉइस'चा लाटांचा अंदाज आदल्या दिवशी पाहावा. आणि गावकरी 'नको' म्हणाले, तर उतरूच नये.