रंग निवडण्याआधी भिंतीला हळद लावा

नवी कंपाउंडची भिंत उभी राहिली की महिन्याच्या आत शेडकार्ड हातात येतं. गेटचा ऑइलपेंट डब्यात उरलेला असतोच, तोच भिंतीला मारून टाकायचा मोह होतो. पहिल्या पावसात त्याला फुगे येतात आणि पोपडा उचलला की खाली चिकट, बुळबुळीत थर लागतो. तो थर चक्क साबणाचा असतो.

सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. त्यामुळे ताज्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 इतका चढा असतो. ऑइलपेंटला धरून ठेवणारा घटक तेलापासून केलेला असतो. त्याला ओल आणि अल्कली दोन्ही मिळाले की साबणाच्या कारखान्यात मुद्दाम घडवतात तीच क्रिया तुमच्या भिंतीवर फुकटात घडते. दोष रंगाचा नसतो, निवडीचा असतो.

अल्कली ओळखायला स्वयंपाकघरातली हळद पुरते. चिमूटभर हळद पाण्यात कालवून भिंतीच्या कोपऱ्यात लावा. कुंकू करताना चुन्याने हळद लाल होते, तसा ठिपका तांबडा झाला तर भिंतीत अल्कली आहे. किती आहे, हे मात्र हळद सांगत नाही. म्हणून नव्या कामाला निदान 28 दिवस जाऊ द्यावेत आणि त्यानंतरही अल्कलीला दाद न देणारा प्रायमर घ्यावा.

दुसरी परीक्षा ओलीची. सुमारे 45 सेंटिमीटर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून 16 तास ठेवा. आतून थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट पडलं, तर रंगकाम थांबवा. हीच ओल आतले क्षार बाहेर आणते. पाणी उडून जातं आणि पांढरा लोणा मागे राहतो. लोण्यावर मारलेला रंग लोण्यासकट गळतो.

बाहेरच्या भिंतीला माझं मत अॅक्रिलिक इमल्शनला. अल्कली त्याला सहसा बाधत नाही आणि आतली वाफ त्यातून बाहेर पडू शकते. सिमेंट पेंट स्वस्त, शिवाय तो सिमेंटचाच असल्यामुळे अल्कलीचं भय नाही. पण आधी भिंत भिजवावी लागते आणि नंतरही पाणी मारावं लागतं. घाईतला पेंटर नेमकं हेच टाळतो, मग हात फिरवला की भुकटी निघते.

पार्किंगची फरशी वेगळी. तिथे दोन घटक मिसळून लावायचा इपॉक्सी टणक असतो, तेल-ग्रीस पचवतो. उन्हात मात्र तो पिवळा पडतो, त्यावर खडूसारखी भुकटी येते, म्हणून तो छपराखालीच वापरावा. उघड्यावर वरचा हात ऊन सोसणाऱ्या पॉलियुरेथेनचा हवा. जिथे पाय ओले पडतात तिथे शेवटच्या हातात बारीक वाळू मिसळून घ्या, नाहीतर घसरगुंडी ठरलेली. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा लवचीक लेप लावला तर खालची खोली कमी तापते. धूळ साचली की त्याचा गुण उतरतो, तेव्हा धुणं आलंच.

आपल्याकडे रंगकामाचा मुहूर्त दिवाळीआधीचा, म्हणजे भिंती पावसाचं पाणी पिऊन बसलेल्या असतात तेव्हाचा. घरातल्या खोल्या कोरड्या असतील तर त्या खुशाल रंगवा. बाहेरच्या भिंती आणि गच्ची मात्र फेब्रुवारी-मार्चवर ढकला.