वाट पाहणारे हात
लेखमाला : धीर आणि तयारी (लेखांक ५)

मागील लेखांकात आपण मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखला पाहिला. वराला उशीर झाला आणि दहाही जणींना झोप लागली. शहाण्या आणि मूर्ख यांच्यात फरक ठरला तो जवळच्या तेलामुळे. मग प्रश्न उरतो : किती उशीर होणार हे ठाऊक नसताना तेल जवळ बाळगायचे, म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके काय करायचे? ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्याच पिढीला हा प्रश्न पडला होता. तो पडला थेस्सलनीकात.

थेस्सलनीका ही मासेदोनिया या रोमन प्रांताची राजधानी. गजबजलेले बंदर, शिवाय एग्नातिया या मोठ्या राजमार्गावरचे शहर. इ. स. ५० च्या सुमारास पौल आणि सीला तेथे आले. तीन शब्बाथ पौलाने यहुद्यांच्या सभास्थानात शास्त्रावरून वाद केला. काही यहुदी, पुष्कळ भक्तिमान ग्रीक आणि शहरातल्या बऱ्याच प्रतिष्ठित स्त्रिया विश्वासात आल्या. मग दंगा उसळला. जमाव यासोनाच्या घरावर चालून गेला, आणि बंधुजनांनी पौल व सीला यांना रातोरात बिरुयास पाठवून दिले. मागे उरली एक कोवळी मंडळी. शिकवणारे दूर गेलेले, शेजारीपाजारी विरोधात, आणि मनात प्रभू लवकरच येणार ही आशा.

दिवस जाऊ लागले तशा अडचणी उभ्या राहिल्या. मंडळीतले काही जण मरण पावले. प्रभूच्या आगमनाआधीच गेलेल्यांचे काय, या विचाराने मागे राहिलेले खचले. पुढे प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच आहे अशी आवई उठली. काहींनी कामधंदा सोडला आणि ते दुसऱ्यांच्या कामात लुडबुड करत हिंडू लागले. आगमनाच्या उतावीळ अपेक्षेतूनच हे घडले असावे, असे अनेक भाष्यकार मानतात.

तीमथ्याकडून मंडळीची खबर मिळाल्यावर पौलाने करिंथहून पत्र लिहिले. शोक करणाऱ्यांना त्याने पुनरुत्थानाची आशा दिली. काळवेळेबद्दल मात्र कोणतीही तारीख सांगितली नाही. तो दिवस रात्री येणाऱ्या चोरासारखा येईल, म्हणून जागे राहा, सावध राहा, विश्वास व प्रीतीचे उरस्त्राण आणि आशेचे शिरस्त्राण घाला, एवढेच सांगितले. आणि याच पत्रात अगदी साधी आज्ञा आहे : शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा. दुसऱ्या पत्रात हा सूर कडक होतो. ज्याची काम करण्याची इच्छा नाही त्याने खाऊही नये, असे तेथे बजावले आहे. हा शब्द अशक्तांना लागू नाही. त्यांना आधार द्या, धीर खचलेल्यांना उभारी द्या आणि सर्वांशी सहनशीलतेने वागा, असे पहिल्या पत्रात स्पष्ट आहे. सांगणारा स्वतः तंबू करणारा कारागीर होता आणि कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस राबत होता.

या पत्रांतून मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. आगमनाची तारीख ठरवून बसणारा आणि अजून पुष्कळ वेळ आहे म्हणणारा, हे दोघेही एकच चूक करतात. दोघांच्याही लेखी आजच्या दिवसाला किंमत नाही. ख्रिस्ती धीर आजचा दिवस प्रभूने सोपवलेला दिवस म्हणून स्वीकारतो, आणि तो स्वीकार हीच तयारी.

ही चूक पुढेही झाली. अमेरिकेतील शेतकरी व बाप्टिस्ट उपदेशक विल्यम मिलर यांनी दानीएलाच्या ग्रंथावरून आगमनाचा काळ मोजला, आणि त्यांच्या चळवळीने अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो लोक वाट पाहत राहिले. काहींनी शेतातले उभे पीकही काढले नाही. तो दिवस सरला आणि अनेकांचा विश्वासच डळमळला. त्यांची तळमळ खरी होती, म्हणूनच त्यांचे दुःख मनाला लागते.

याउलट, वाट पाहताना हातचे काम न सोडण्याचे आपल्याकडचे उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे आध्यात्मिक जागरण झाले. त्याआधी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचे पोषण आणि शिक्षण तेथे चालू होते, आणि जागरणानंतरही ते थांबले नाही. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले, ते वर्षानुवर्षे पुरणारे काम होते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी त्यांनी ते सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते.

या आठवड्यात थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचे चौथे व पाचवे अध्याय एका बैठकीत वाचावेत. मग स्वतःला विचारावे : प्रार्थनेचे उत्तर लांबले म्हणून मी कोणते कर्तव्य बाजूला ठेवले आहे? कोणत्या खचलेल्या माणसाला भेटायचे टाळतो आहे? उत्तर सापडेल तेथूनच आपली तयारी सुरू करावी.

(पुढील लेखांक : मंदिरात वाट पाहणारे शिमोन आणि हन्ना)